नाइट करून आल्यावर झोपायचं कसं: माझं एक वर्ष

जानेवारी 2024 मध्ये आमच्या लायनीवर तिसरी पाळी सुरू झाली. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधी गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ऑपरेटर आहे, घर माशेलला. तोपर्यंत फर्स्ट आणि सेकंड अशा दोनच पाळ्या होत्या आणि झोप हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. ऑर्डरी वाढल्या, थर्ड लागली, रात्रीमागे शंभर रुपये नाइट अलाउन्स जाहीर झाला. पहिल्या पगारात ते पैसे दिसले तेव्हा बरंच वाटलं.

वेळा अशा: फर्स्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, थर्ड अकरा ते सात. कंपनीची बस माशेलहून पाऊण तास ते तास आधी सुटते. बाणस्तारी, जुने गोवे, बांबोळी, आगशी, मग जुवारी पूल ओलांडून कुठ्ठाळी आणि वेर्णा. वाटेत माणसं घेत जायचं असल्यामुळे जास्तच वेळ लागतो. म्हणजे फर्स्टला पहाटे पावणेपाचला उठायचं, सेकंडहून आलं की अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेबारा, आणि थर्डहून परतलं की सकाळचे सव्वाआठ. दर सोमवारी पाळी बदलायची. आधी फर्स्ट, मग थर्ड, मग सेकंड, आणि पुन्हा फर्स्ट. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे सगळं गाडं त्याच्यावरच अडलं.

मार्चपर्यंत मी रेटलं. नाइटच्या आठवड्यात नऊच्या सुमारास झोपायचो आणि साडेबारा-एकला टक्क जागा. पुन्हा डोळा लागायचा नाही आणि जागेपणी धड काही व्हायचंही नाही. पहाटे चारच्या सुमारास ग्रॅन्युलेशनच्या, म्हणजे गोळ्यांची पावडर दाणेदार करतात त्या हॉलमध्ये थंडी भरल्यासारखं व्हायचं. एसी तेवढाच असायचा, थंडी मात्र चारलाच वाजायची. बॅचच्या रेकॉर्डवरची एकच ओळ तीनदा वाचायची आणि तरी डोक्यात शिरायची नाही. घरी चिडचिड. मुलीने पाढे म्हणून दाखवायला घेतले तरी मी ओरडायचो, आणि ती बापडी आजीच्या खोलीत जाऊन म्हणायची. बायको म्हणाली, "थर्ड सोडा, नाहीतर डॉक्टरकडे जा, पण दोन्हीपैकी एक करा." थर्ड सोडणं माझ्या हातात नव्हतं.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरातलं जे दिसत होतं ते आवरलं. आमचं घर जुनं, मंगलोरी कौलांचं. झोपायच्या खोलीवर आजोबांनी उजेडासाठी एक काचेचं कौल बसवून घेतलेलं. वर्षानुवर्षं त्याचं कौतुक. एप्रिलमध्ये मी दिवसा त्या खोलीत झोपून बघितलं तेव्हा त्याची करामत कळली: साडेनऊला उन्हाचा चौकोन भिंतीवरून खाली उतरायला लागतो, साडेदहाला पायावर, अकराच्या पुढे छातीवर, आणि बाराच्या आसपास बरोबर तोंडावर. खिडकीला जाड पडदे लावून उपयोग काय, डोक्यावर बॅटरी धरलेली. पावसाआधी कौलं परतायला माणूस येतोच, त्यालाच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं की हे काढ आणि साधं कौल टाक. जुनी कौलं मागच्या पडवीत रचून ठेवलेली होती, त्यामुळे खर्च फक्त त्याच्या मजुरीचा. आईला मात्र ते लागलं. "दिवसाउजेडी खोलीत दिवा लावायचा?" म्हणून दोन दिवस अबोला. खिडकीला आतून काळं कापड शिवून घेतलं, त्याचे कापडासकट साडेसहाशे झाले. पत्र्याचं किंवा स्लॅबचं घर असेल तर उजेड सोपा, उष्मा कठीण. आमचं उलटं होतं.

आवाजाचं मात्र आपल्या हातात फारसं नसतं. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी येतो तेव्हा मी बसमध्ये असतो, तो चालतो. पण नऊनंतर मासेवाली, मग भंगारवाला भोंगा लावून, गॅसची गाडी, पंचायतीची कचऱ्याची गाडी, आणि कोणाकडे काही कार्य असलं की स्पीकर. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव असतो. त्या दिवशी झोपण्याचा विचारसुद्धा करायचा नाही; सरळ रजा टाकायची. बाकी दिवसांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे कानबोळे आणले. पहिले दोन-तीन दिवस कानात ठणकतं, मग सवय होते. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला की त्याच्या घरघरीत लहानसहान आवाज बुडतात, हा त्याहून स्वस्त उपाय. मे महिन्यात वीज गेली की दोन्ही गेलं, पंखाही आणि झोपही.

फोनचं असं केलं: सकाळी नऊ ते एक डू नॉट डिस्टर्ब, त्यातून फक्त आई, बायको आणि मुलीची शाळा एवढेच नंबर मोकळे. बँकेचे, कुरिअरचे, लोनवाल्यांचे फोन बरोबर साडेदहाला येतात, हे नाइट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

एवढ्याने साडेतीनचे साडेचार तास झाले. मग ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या दवाखान्यात गेलो. माझा पगार तेव्हा महिना 21,000 च्या आत होता, म्हणून ईएसआय लागू, पगाराच्या 0.75 टक्के माझे आणि 3.25 टक्के कंपनीचे जायचे. पैसे वर्षानुवर्षं कापले जात होते, पण मी त्याआधी फक्त मुलीच्या तापासाठी गेलो होतो. पेहचान कार्ड आणि आधार दोन्ही घेऊन जा, आणि जाण्याआधी कार्डावरचं नाव आधारशी जुळतंय का ते बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होतं. कंपनीच्या ऑफिसातून ते ऑनलाइन दुरुस्त करून येण्यातच आठवडा गेला.

मी गोळी मागायलाच गेलो होतो, खरं सांगायचं तर. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही. त्यांनी एक कागद पुढे केला, आठ प्रश्नांचा. बसून वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे डुलकी लागण्याची शक्यता किती, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. त्याला एपवर्थ स्केल म्हणतात. दहाच्या वर गेलं की जास्त झोपाळूपणा धरतात. माझे पंधरा आले. मग त्यांनी टेपने गळ्याचा घेर मोजला, वजन घेतलं, बायको घोरण्याबद्दल काही म्हणते का विचारलं. (म्हणते. अगदी सविस्तर म्हणते.) आणि मला एक वही घालायला सांगितली: किती वाजता आडवा झालो, अंदाजे किती वाजता झोप लागली, कधी जाग आली, चहा कधी, जेवण कधी. दोन आठवडे लिहा म्हणाल्या. माझं चक्र तीन आठवड्यांचं म्हणून मी तीन लिहिले, म्हणजे प्रत्येक पाळी त्यात आली.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो. शरीरात एक घड्याळ आहे आणि ते डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर लावलं जातं. संध्याकाळी अंधार पडला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं, पहाटे चार-पाचच्या आसपास अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं. म्हणजे ग्रॅन्युलेशनमधली माझी ती थंडी एसीची नव्हतीच. सकाळी मी बसमधून पुलावर येतो तेव्हा ऊन थेट तोंडावर. घड्याळाला वाटतं दिवस उजाडला, उठा. त्यानंतर मी झोपायला जातो. त्यातून ते घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. उशिरा झोपायला कोणाला शिकवावं लागत नाही, लवकर झोपून दाखवा म्हणावं.

त्यांच्या सांगण्यावरून लगेच दोन गोष्टी बदलल्या. एक, परतीच्या बसमध्ये काळा चष्मा आणि वरून टोपी. सुरुवातीला पोरांनी हिरो म्हणून चिडवलं, आता बसमध्ये निम्मे जण घालतात. पण ज्यांना थांब्यापासून पुढे स्कूटरने जायचं असतं त्यांनी चष्मा बसमध्येच काढावा आणि मुळात नाइटनंतर स्कूटर चालवणं टाळावं. मी थांब्यापासून चालत येतो, दहा मिनिटं लागतात. दुसरी, पहाटे साडेचारचा मशीनचा चहा बंद. चहा-कॉफीतलं कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात. साडेचारला घेतलेल्या चहाचा अर्धा भाग नऊला झोपताना अंगात असतोच. शेवटचा चहा दोनला, त्यानंतर गरम पाणी. पहिला आठवडा हे फार जड गेलं, डोकं दुखायचं.

आमच्यात काहीजण सकाळी घरी जाऊन एक पेग मारून झोपतात. काजू फेणीने झोप येते, यात खोटं काही नाही. पण दोन-तीन तासांनी ती तुटते, आणि घोरणाऱ्याचा घसा आणखी ढिला पडतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या वहीत एका रविवारचा तसा पुरावा होता, तो त्यांनी नुसता बोट ठेवून दाखवला.

घोरणं आणि गुण बघून जून महिन्यात मडगावच्या ईएसआय इस्पितळात पाठवलं. तिथल्या तपासणीनंतर स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपवून करायची झोपेची तपासणी ठरली. ती एका खासगी ठिकाणी होणार होती, रेफरलच्या कागदावर, म्हणजे मला खर्च नाही. पण पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या काउंटरवरच्या मुलीने कागद परत दिला: सही आहे, शिक्का अर्धवट उमटलाय, चालणार नाही. संध्याकाळचे सात वाजलेले, मी पिशवीत लुंगी आणि उशीचा अभ्रा घेऊन उभा. नवा कागद, नवी तारीख, आणखी तीन आठवडे. रेफरलचा कागद हातात पडला की तिथल्या तिथे शिक्का, तारीख, तपासणीचं नाव आणि कागदाची मुदत बघून घ्या, आणि दोन झेरॉक्स काढा.

तारीख घेताना आणखी एक बघायचं. तपासणी रात्रीची असते. नाइटच्या आठवड्यातली तारीख घेतली तर तुम्ही रात्रभर टक्क जागे राहणार आणि अहवालात काहीच येणार नाही. मी फर्स्टच्या आठवड्यातली शनिवारची रात्र मागून घेतली. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाला नळी, बोटाला चिमटा. अशा अवस्थेत कोण झोपणार वाटलं होतं, पण फर्स्टचा आठवडा उरकून आलेला माणूस कुठेही झोपतो.

अहवाल ऑगस्टमध्ये आला. तासाला सरासरी सात वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. झोपेत श्वास मोकळा ठेवणारं मशीन लावायची गरज नाही, कुशीवर झोपा आणि चार-पाच किलो वजन उतरवा. म्हणजे दुखणं होतं, पण एवढं नव्हतं की सगळा दोष त्याच्यावर टाकावा. डॉक्टरीणबाईंनी माझी वही पुन्हा उघडली. सेकंडच्या आठवड्यात सात तासांच्या वर झोप. थर्डला साडेचार. आणि सगळ्यात वाईट दिवस थर्डमध्ये नव्हतेच. ते होते सेकंड संपून फर्स्ट लागते तिथले, सोमवार आणि मंगळवार. आठवडाभर रात्री एकला झोपणारा माणूस रविवारी रात्री नऊला आडवा होऊन छताकडे बघत बसतो आणि पावणेपाचला उठतो. त्या म्हणाल्या, "औषध माझ्याकडे नाही, तुमच्या शिफ्ट चार्टमध्ये आहे. क्रम उलटा आहे तुमचा." आणि तसं पत्र लिहून दिलं: सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने पाळी द्यावी.

(त्याच महिन्यात वेतनवाढ मिळून पगार 21,000 च्या वर गेला. घाबरू नका, ईएसआय लगेच तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे त्यांचे सहा-सहा महिने असतात. मध्येच पगार वाढला तरी चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि तुम्ही त्यात राहता. पण पुढच्या तपासण्या बाकी असतील तर रेंगाळू नका.)

2024 ची चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. गणपती पोचवून झाल्यावर मी अर्ज लिहायला घेतला. कच्च्या मसुद्यात सगळं भरलं होतं, अगदी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली आणि पुन्हा 2019 साली रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं आहे हेसुद्धा. आमच्या लायनीत एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात, वर्क्स कमिटीत कामगारांच्या बाजूने बसतात. त्यांनी ते वाक्य पेनाने खोडलं. "हे वाचलं की एचआर कागद वकिलाकडे पाठवणार, मग बस वर्षभर. वही जोड, पत्र जोड, आणि काय हवं ते एका ओळीत लिही."

एचआरचं उत्तर आठवड्यात आलं, तोंडी. एकट्यासाठी क्रम बदलता येत नाही, कारण माझी पाळी हलली की आणखी दोघांची हलते. दुसरं म्हणजे, क्रम उलटा आहे तो मुद्दाम. हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. थर्डची शेवटची रात्र शनिवारची, ती संपते रविवारी सकाळी सातला. सरळ क्रम लावला तर थर्डनंतर फर्स्ट, म्हणजे सोमवारी सकाळी सातला हजर. मध्ये फक्त 24 तास. आणि त्यातली रविवारची सकाळ झोपेत जाणार. कायद्यात ते बसायचं: तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या 57 व्या कलमात रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग 24 तास. कागदावर पूर्ण सुट्टी, घरच्यांच्या दृष्टीने बाबा दिवसभर झोपलेत आणि रात्री पुन्हा लवकर झोपायला गेले. उलट्या क्रमात हा तिढा येत नाही, प्रत्येक बदलाला निदान 32 तास मिळतात. एचआर काही वेडं नव्हतं.

हा गुंता दादांनी सोडवला, कँटीनमधल्या कुपनाच्या मागे तीन आडव्या रेघा मारून. थर्डचा आठवडा सोमवारी रात्री सुरू न करता रविवारी रात्री सुरू करायचा. म्हणजे शेवटची रात्र शुक्रवारची, सुटका शनिवारी सकाळी सातला. शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ, पूर्ण 48 तास, आणि मग फर्स्ट. फर्स्ट शनिवारी तीनला संपते, सेकंड सोमवारी तीनला, तिथेही 48. सेकंड शनिवारी रात्री अकराला संपते आणि थर्ड रविवारी रात्री अकराला, तिथे 24 तासच. पण तो बदल पुढच्या दिशेचा, आधीच उशिरा झोपणाऱ्या माणसाला तो जड नाही. पाळ्या तेवढ्याच, तास तेवढेच. फरक एवढाच की कारखाना रविवारी सकाळी सातला बंद होऊन सोमवारी सातला सुरू व्हायचा, तो शनिवारी रात्री अकराला बंद होऊन रविवारी रात्री अकराला सुरू होणार.

ऑक्टोबरच्या वर्क्स कमिटीत हे मांडलं गेलं. हरकती आल्या आणि त्या खऱ्या होत्या. युटिलिटीच्या लोकांना, म्हणजे बॉयलर आणि एसीवाल्यांना, रविवारी संध्याकाळीच यावं लागणार. रविवार रात्रीची बस आणि कँटीन दोन्ही लावावं लागणार. आणि आमच्यातल्याच काहींचा विरोध: रविवारची संध्याकाळ म्हणजे लग्नाची स्वागत समारंभं, जत्रेतलं नाटक, क्लबाची मॅच. माशेल-कुंभारजुव्याच्या पोरांना नाटक चुकवायला सांगणं सोपं नाही. सह्या घेताना मी सगळ्यांना माझी वही दाखवली आणि तुम्हीही एक आठवडा लिहून बघा म्हटलं. ज्यांनी लिहिलं त्यातल्या बहुतेकांनी सही केली.

पाळीच्या वेळापत्रकातला असा बदल कंपनीला रातोरात करता येत नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या 9-अ कलमाखाली 21 दिवसांची बदलाची नोटीस लागायची, आणि कामाच्या वेळांचा नवा तक्ता कारखाना निरीक्षकांकडे पाठवून बोर्डावर लावावा लागायचा. नोटीस 8 नोव्हेंबरला लागली. नवा चार्ट 1 डिसेंबरच्या रविवारी रात्रीपासून, तीन महिन्यांच्या प्रयोगावर. (नोव्हेंबर 2025 पासून जुने कायदे जाऊन चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे आज अर्ज करणाऱ्याने कलमांचे आकडे माझ्याकडून उचलू नयेत, आपल्या युनियनला किंवा कामगार खात्यात विचारावेत.)

डिसेंबरपासून नाइटचा माझा दिवस असा असतो. सव्वाआठला घरी, गरम पाण्याने आंघोळ, मग उकड्या तांदळाची पेज, बरोबर लोणच्याची फोड किंवा थोडी भाजी. आधी आई भात-आमटी-मासे असं पूर्ण जेवण वाढायची, पोटात आग आणि झोप नाही. नऊ ते साडेबारा-एक पहिली झोप. उठून आईबरोबर नीट जेवण, मुलगी शाळेतून येते तिच्याशी गप्पा. मग अडीच ते चार दुसरी झोप.

या दुसऱ्या झोपेसाठी गोव्यासारखा मुलूख नाही. दीडनंतर दुकानांची शटरं खाली, बाजार सामसूम, मासेवाली आपल्या घरी, भंगारवालासुद्धा कुठेतरी झाडाखाली आडवा. सकाळी ज्या गावाशी मी झोपेसाठी भांडतो तेच गाव दुपारी माझ्याबरोबर झोपतं. चारला पोदेराचा भोंगा वाजतो, तो माझा गजर. पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांनी गोवेकरांच्या दुपारच्या झोपेवर केलेले विनोद मी वर्षानुवर्षं ऐकलेत; नाइटवाल्याने ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडावेत. सलग झोपच खरी असा हट्ट मी धरला होता तोवर साडेचार तासांवर अडकलो होतो. तुकडे मान्य केले तर पाच-साडेपाच होतात.

रात्री अर्ध्या तासाच्या सुट्टीत दहा मिनिटांत खाऊन पंधरा-वीस मिनिटं रेस्ट रूममध्ये डोळे मिटतो, फोनला गजर लावून. हे सुपरवायझरला आधी सांगून ठेवलं आहे. ड्युटीवर झोपणं स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, गैरवर्तन धरलं जातं, सुट्टीची वेळ आपली असली तरी कोणी गैरसमज करून घेऊ नये. वीस मिनिटांच्या वर जाऊ नका, गाढ झोपेतून उठलं की पुढचा तास डोकं सुन्न राहतं आणि यंत्रापाशी ते बरं नव्हे.

शनिवारी सकाळी सुटल्यावर दुपारपर्यंत झोपून राहत नाही. दोन-अडीच तास झोपून उठतो, दिवसभर उजेडात काहीतरी करतो, बागेत पाणी, बाजार, आणि रात्री दहाला आडवा. पहिला शनिवार फार लांब वाटतो. पण सोमवारी पावणेपाचला उठताना रडू येत नाही.

आईला सगळ्यात उशिरा पटलं. तिच्या लेखी दिवसा झोपणारा माणूस एक तर आजारी किंवा आळशी. शेजारच्या काकी दहाला बोलवायला आल्या की ती मला हाक मारायची, कारण "आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?" मी काही बोललो नाही, मुलीने युक्ती केली. दारावर पाटीवर लिहिलं, 'बाबांची रात्र चालू आहे, एक वाजता उजाडेल.' काकींनीच ती वाड्यावर सगळ्यांना सांगितली.

फेब्रुवारी 2025 अखेर प्रयोग संपला, मतं घेतली, चार्ट कायम झाला. तिघा-चौघांना अजून रविवारची रात्र खटकते आणि ते आपसात अदलाबदल करतात; त्याला दोघांच्या सह्यांचा फॉर्म दोन दिवस आधी द्यावा लागतो. माझं वजन तीन किलो उतरलं, घोरणं बायकोच्या मते "पूर्वीपेक्षा सुरात" आहे. सहा महिन्यांनी तेच आठ प्रश्न पुन्हा सोडवले, नऊ आले. नाइटच्या आठवड्यात अजूनही गुरुवारपर्यंत थकवा साचतो, त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

आमच्या शेजारच्या पॅकिंग विभागानेही हाच चार्ट मागितला होता. त्यांना तो लागू पडला नाही, कारण त्यांचा माल रविवारी पहाटे ट्रकवर चढतो आणि शनिवारची रात्र त्यांना सोडता येत नाही. ते आता थर्डनंतरच्या आठवड्यात सोमवारची फर्स्ट वगळून मंगळवारी रुजू व्हायचं आणि ती एक पाळी पुढे भरून द्यायची, अशा मागणीवर बसले आहेत. दादांनी त्यांच्यासाठीही कुपनावर रेघा मारल्यात, पुढची बैठक महिनाअखेरीस आहे.